पेटलं, पण हलत का नाही? रॉकेटचं उड्डाण पाहताना या चुका टाळा

टीव्हीवर उड्डाण बघताना कुणीतरी हमखास विचारतं, "अरे, जाळ दिसतोय, मग उडत का नाही?" प्रश्न योग्यच आहे. गोंधळ होतो तो शेजारी बसलेल्याच्या उत्तरात.

'उलटी मोजणी शून्यावर आली की इंजिन पेटतं' हे त्यातलं नेहमीचं. शून्य हा बहुधा जमीन सोडण्याचा क्षण असतो. अमेरिकेच्या स्पेस शटलची तीन मुख्य इंजिनं शून्याच्या ६.६ सेकंद आधी, एकापाठोपाठ पेटत. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटची पाच तर जवळपास ९ सेकंद आधी. द्रव इंधनाचं इंजिन म्हणजे गॅसची शेगडी नव्हे. इंधन आत ढकलणाऱ्या टर्बोपंपांनी वेग घ्यायचा, झडपा ठरलेल्या क्रमाने उघडायच्या, ज्वलनकक्षातला दाब चढायचा, तेव्हा कुठे पुरता रेटा मिळतो.

'इंजिन गरम करून घेतात' असंही सांगू नका. थंडीतली स्कूटर नाही ती! हे काही सेकंद परीक्षेचे असतात. संगणक प्रत्येक इंजिनाचा रेटा पाहतो आणि एक जरी कमी पडलं तरी सगळी बंद करतो. शटलच्या बाबतीत १९८४ ते १९९४ दरम्यान पाच वेळा असं झालं. आपल्याकडे २८ मार्च २००१ ला श्रीहरिकोट्यात पहिल्या जीएसएलव्ही रॉकेटच्या एका स्ट्रॅप-ऑन, म्हणजे बाजूला जोडलेल्या द्रव इंधनाच्या इंजिनात पुरेसा रेटा आला नाही. शेवटच्या सेकंदाला उड्डाण रोखलं गेलं आणि तेच रॉकेट १८ एप्रिलला उडालं.

घन इंधनाला मात्र ही बंद करण्याची सोय नाही. दिवाळीतला बाण पेटला की पेटला, तसंच. म्हणून शटलच्या बाजूचे घन इंधनाचे बूस्टर किंवा जीएसएलव्हीची मधली घन मोटर सगळ्यात शेवटी, बाकीची इंजिनं पास झाल्यावरच पेटवतात. आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पाच घन इंधनाचा असल्यामुळे तिथे ही वाट बघणं दिसत नाही. तेव्हा पीएसएलव्हीवरून सगळ्या रॉकेटांचा हिशेब मांडू नका.

'धरून ठेवलं नाही तर उडून जाईल' हे सॅटर्न ५ ला लागू होतं, कारण त्याचा रेटा वजनापेक्षा जास्त होता. त्याला चार भक्कम हात धरून ठेवत. जीएसएलव्हीच्या चारही स्ट्रॅप-ऑनचा मिळून रेटा रॉकेटच्या वजनापेक्षा कमी पडतो, ते स्वतःच्या भारानेच बसून राहतं. शटलही मुख्य इंजिनांवर उचललं जात नसे. पण ती एका बाजूला असल्यामुळे अख्खा डोलारा पुढे झुकायचा आणि परत सरळ होईपर्यंत थांबून मगच बूस्टर पेटवायचे. जुने व्हिडिओ नीट पाहा, हे डुलणं स्पष्ट दिसतं.

शटलखाली उडणाऱ्या ठिणग्यांनी इंजिन पेटतं, हाही गैरसमज. त्या ठिणग्या आसपास साचलेला हायड्रोजन जाळून टाकण्यासाठी असत.

आणि शेवटची चूक, 'तपासलं म्हणजे निभावलं' असं मानण्याची. १० जुलै २००६ ला जीएसएलव्ही-एफ०२ ची चारही स्ट्रॅप-ऑन इंजिनं या परीक्षेत पास झाली. जमीन सोडताक्षणीच त्यांतल्या एकाचा रेटा गेला. पण तोवर घन मोटर पेटलेली होती.