मजुरी वाटण्याआधी ‘रोज’ मोजा

खानापूर भागात रोप लावणीला कुणी चार दिवस येतं, कुणी अडीच, आणि पैसे वाटताना हमखास घोळ होतो. नुकसान बहुधा राबणाऱ्या बाईचंच होतं, म्हणून ही रीत प्रत्येकीला यायलाच हवी.

१. एका बाईचं एका दिवसाचं काम म्हणजे एक रोज. माणसं गुणिले दिवस करा. ६ बायका ४ दिवस, म्हणजे २४ रोज.
२. एकूण मजुरीला रोजांनी भागा. समजा ८,४०० रुपये ठरले, तर एका रोजाचे ३५०.
३. पुढच्या शेतात ९ बायका ३ दिवस, म्हणजे २७ रोज. २७ × ३५० = ९,४५० रुपये.

अर्धा दिवस आली तर अर्धा रोज धरा. अडीच दिवसांचे ८७५ होतात, ‘साधारण आठशे’ नव्हे!

निपाणीकडे विड्यांची मजुरी हजारावर ठरते, तिथं हे आणखी सोपं. दर हजारी २०० धरला, तर ८५० विड्यांचे ८५० × २०० = १,७०,०००; शेवटची तीन शून्यं काढा, १७० रुपये.

फक्त एक सांभाळा. दिवस काढताना गणित उलटं चालतं: तेच २४ रोजांचं काम ८ बायका ३ दिवसांत संपवतात. तिथं माणसं वाढली की दिवस कमी होतात.