घरपट्टी थकली, घरावर आलं : या चुका टाळा

‘महापालिका काय घर विकणार आहे का?’ हे वाक्य सोसायटीच्या सभांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. विकते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं वॉरंट आणि शेवटी लिलाव. मी जी प्रकरणं जवळून पाहिली, त्यांत पैसे नसलेले थोडे, पाकीट न उघडणारेच जास्त.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे ‘वारसनोंद झाली की भरू’. आमच्या इमारतीतले एक काका गेले. मुलं तीन. थोरला बंगळुरूला, मधला परदेशात, धाकटी इथेच पण सासरी. फ्लॅट बंद. बिल काकांच्याच नावानं यायचं आणि दाराच्या फटीत अडकून राहायचं. थोरला म्हणे, आधी नाव लागू दे. मधला म्हणे, वाटणी होऊ दे, मग ज्याचा फ्लॅट त्यानं भरावं. धाकटी म्हणे, मला विचारतंय कोण! मागणीची नोटीस दाराला चिकटवली, तर शेजाऱ्यांना वाटलं सोसायटीचंच काहीतरी असेल. जप्तीचा कागद लागल्यावर मी फोन केला तेव्हा थोरल्यानं मलाच झापलं, ‘वडील वारलेत, नोटीस कुणाला देताय?’ अरे बाबा, कर मिळकतीवरचा पहिला बोजा असतो. माणूस गेला म्हणून तो उतरत नाही. दाराला सील लागल्यावर मात्र पैसे दोन दिवसांत निघाले. कुणी किती भरले यावरून भावंडांत अजून धुसफूस चालू आहे.

कर भरायला नाव लागलेलं असण्याची गरज नाही. मिळकत क्रमांक टाका आणि भरा. पावती जुन्या नावानं येईल, येऊ दे. अर्थात ‘मी भरलं म्हणून घर माझं’ हेही डोक्यातून काढा, ती पावती मालकीचा पुरावा नाही. नाव लावण्याचा अर्ज वेगळा करा, आणि बिलासाठी स्वतःचा पत्ता, मोबाइल नंबर आजच नोंदवा. मी बिल निघालं की वर्षाचं एकदम भरते आणि पावती छापून फायलीत लावते. मोबाइलमधली पावती हवी तेव्हा कधीच सापडत नाही.

दुसरी चूक, अभय योजनेची, म्हणजे थकबाकीवरच्या दंडात सूट देणाऱ्या योजनेची, वाट बघत बसणं. थकबाकीवर शास्ती, म्हणजे दंड, महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. ५० महिन्यांत शास्तीच मुद्दलाएवढी होते. पुण्यात २०२० मध्ये शास्तीवर ८० टक्के सूट मिळाली आणि तेव्हापासून काहींना हा दिवाळीचा सेल वाटू लागलाय. सूट शास्तीत होती, मुद्दलात नाही. शिवाय पुढची योजना येईपर्यंत जप्ती थांबेल असं कुणी लिहून दिलेलं नाही.

आकारणी चुकीची आहे म्हणून पैसे अडवून धरणारे बाणेदार लोकही भेटतात. चुकीची असेलही. मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. पण महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली अपील करायचं तर मुदत १५ दिवसांची, आणि वादातली रक्कम आधी जमा करावी लागते. न भरता ताठ मानेनं बसलात तर अपीलही जातं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चेक देऊ नका. ‘सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला रोख तर मुळीच नको. मेसेजमधल्या लिंकवर पैसे भरू नका. जुना फ्लॅट घेताना थकबाकी नसल्याचा दाखला मागा, नाहीतर मागच्या मालकाचं ओझं तुमच्या घरावर.

नोटीस आधीच लागली असेल तर त्याच दिवशी कर विभागात जा. खात्याचा उतारा घेऊन प्रत्येक वर्षाची नोंद तुमच्या पावत्यांशी ताडून पाहा, भरलेली रक्कमही कधी कधी थकीत दिसते. जमेल तेवढं भरा, उरलेल्यासाठी लेखी अर्ज करा. टेबलावरचा माणूस ‘लिलाव थांबवतो’ म्हणाला, तर तेही सहीशिक्क्यानिशी मागा.