हौद्यातलं घर: ट्रक कॅम्पर घेऊन निघण्याआधी

कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायचं छोटं घर, बघायला जाण्याआधी आपल्या पिकअपचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा आणि चौकटीवरचं स्टिकर वाचा. पिवळा पट्टा असलेल्या त्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर वजन जाता कामा नये. हाच तुमच्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीत छापलेला मोठा आकडा बहुतेकदा त्या मॉडेलच्या सगळ्यात साध्या, हलक्या ट्रकचा असतो. तुमच्याला चार दारं, फोर व्हील ड्राइव्ह आणि सनरूफ असेल तर तेवढं वजन स्टिकरवरच्या आकड्यातून आधीच वजा झालेलं आहे. आपल्यातले बरेच जण आधी कॅम्परच्या प्रेमात पडतात, मग ट्रककडे बघतात. क्रम उलटा ठेवा, पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा स्टिकरवर २,९०० पौंड आहेत आणि मनात भरलेल्या कॅम्परचं कोरडं वजन २,२०० आहे. सेल्समन म्हणेल, अहो, सातशे पौंड शिल्लक आहेत की! पण कोरडं वजन म्हणजे रिकामी पेटी. त्यात ३० गॅलन पाणी भरलं की २५० पौंड वाढले, कारण एक गॅलन पाणी आठ पौंडांहून थोडं जास्तच भरतं. प्रोपेनचे दोन भरलेले सिलिंडर, लोखंडासकट धरले तर ७५. बॅटऱ्या, बांधणीचं सामान, छपराचा एसी, सावलीचा पडदा यांचे मिळून दोनशे धरा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी कोरड्या वजनात मोजलेल्याच नसतात. डबे, भांडी, कपडे, खुर्च्या, हत्यारं यांचे तीनशे. आणि नवरा-बायको, दोन मुलं मिळून साडेपाचशे. बेरीज ३,५७५ वर गेली. म्हणजे पावणेसातशे पौंड जास्त, आणि अजून कुत्रा गाडीत चढलेला नाही.

यातून वाटा तीनच. ट्रक मोठा घ्या, म्हणजे ‘एक टनी’ (हे नुसतं वर्गाचं नाव, पेलोडचा आकडा नव्हे), आणि पेटी जड असेल तर मागे चार चाकांचा ड्युअली. किंवा छत वर उचलणारा पॉप-अप कॅम्पर घ्या. हे हजार-बाराशे पौंडांपासून मिळतात. किंवा सामान आणि माणसं कमी करा. ‘मागे एअरबॅग टाका, काही होत नाही’ असं कुणी ना कुणी सांगेलच. या एअरबॅगने, म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशवीने, ट्रकचं बसलेलं बूड वर येतं, चालवायला बरं वाटतं, पण स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही बदलत नाही. ॲक्सल तोच, ब्रेक तेच, चाकं तीच. अर्ध्या टनाच्या पिकअपवर पूर्ण उंचीचा कॅम्पर चढवून डोंगर उतरणारी मंडळी दिसतात. त्यांच्या मागे अंतर ठेवून चालवावं.

वजन किती याइतकंच ते कुठे पडतं हेही पाहायचं. कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते. कॅम्पर हौद्यात बसल्यावर ती मागच्या ॲक्सलच्या थोडी पुढे यायला हवी. मागे गेली तर ट्रकचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, एकदा जाऊन या. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. मागचा आकडा दारावरच्या दुसऱ्या स्टिकरवरच्या ॲक्सल मर्यादेशी ताडून पाहा, आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या क्षमतेशीही. टायर लोड रेंज ‘ई’चे, म्हणजे जड भार पेलणारे, हवेत. हवा सकाळी, चाकं थंड असताना मोजायची.

कॅम्पर हौद्यात चढवायला पहिल्या वेळी अख्खी दुपार राखून ठेवा. मागचा फाळका, म्हणजे टेलगेट, काढून घरी ठेवा. हौद्यात जाड रबरी चटई टाका, नाहीतर प्लॅस्टिकच्या लायनरवर पेटी सरकते. कॅम्पर चार पायांवर, म्हणजे जॅकवर उभा असतो आणि ट्रक त्याच्याखाली रिव्हर्समध्ये घालायचा असतो. दोन्ही बाजूंना इंच-दोन इंचांची फट उरते. मागे उभं राहून सांगणारा माणूस एकच असावा. दोघे सांगायला लागले की एक डावीकडे म्हणतो, दुसरा ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो आणि जॅकला धक्का बसतो. पेटी हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत थोडं थोडं जात राहा. मग चारही जॅक थोडे थोडे, आळीपाळीने खाली घ्या, नाक कायम जरा उंच ठेवून. हौद्यात बसल्यावर चारही कोपरे टर्नबकलने, म्हणजे पिळून ताणायच्या स्क्रूच्या बांधणीने, बांधायचे, आणि ते ट्रकच्या चॅसीला जोडलेल्या हुकांना. हौद्याच्या पत्र्याला अडकवलेली बांधणी पत्रा फाडते. निघाल्यावर दहा-पंधरा मैलांवर थांबून चारही टर्नबकल हाताने हलवून पाहा. पहिल्या थांब्यावर एखादा तरी सैल सापडतोच.

उंची मोजताना टेप छपरावरच्या सगळ्यात उंच वस्तूपर्यंत न्या. ती बहुधा एसी किंवा पंख्याचं झाकण असते. आकडा फूट-इंचांत आणि मीटरमध्ये लिहून ड्रायव्हरसमोरच्या सनव्हायझरवर चिकटवा. कॅनडात पाटी मीटरमध्ये असते आणि पुलाखाली गुणाकार सुचत नाही. नॉर्थ कॅरोलिनात डरममधला ११ फूट ८ इंचांचा रेल्वेपूल ट्रकांची छपरं सोलण्यासाठी इतका प्रसिद्ध झाला की २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच केला. तरी छपरं सोलली जायची थांबली नाहीत. झायन पार्कच्या बोगद्यासाठी ११ फूट ४ इंच हा आकडा ध्यानात ठेवा, त्याहून उंच वाहनांना नियम वेगळे. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या घाटातल्या भागात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद वाहन चालत नाही, आणि १० फुटांहून उंच असेल तर कड्याचे पुढे आलेले खडक आडवे येतात. म्हणजे बहुतेक ट्रक कॅम्परवाल्यांनी तिथे गाडी खाली लावून दुसऱ्या वाहनाने वर जायचं.

न्यू जर्सीहून व्हर्जिनियाकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. बाल्टिमोरच्या आय-९५ आणि आय-८९५ या दोन्ही रस्त्यांवरच्या बोगद्यांत १० पौंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर नेता येत नाही. पूर्वी ‘की ब्रिज’ या पुलावरून वळसा घेता यायचा. तो २६ मार्च २०२४ ला जहाजाच्या धडकेने कोसळला. आता शहराच्या पश्चिमेकडून आय-६९५ धरायचा. फोनमधला नकाशा प्रोपेन विचारत नाही, तो तुम्हाला खुशाल बोगद्यात घालेल.

विजेबद्दल थोडक्यात: लिथियम बॅटरी घ्या, पण शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून ती आतल्या उबेत बसवा. छपरावरच्या सोलर पॅनलशिवाय ट्रकच्या आल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. नुसत्या ट्रेलरच्या प्लगमधून येणारा करंट नावालाच असतो. फ्रिज कॉम्प्रेसरचा असेल तर उत्तम. जुना गॅसवरचा असेल तर मुक्कामी गाडी समतल उभी करावी लागते.

गॅसच्या बाबतीत मात्र घाई नको. कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा असे दोन्ही अलार्म चालू आहेत का, आणि त्यांच्या पाठीवर छापलेली मुदत संपली तर नाही ना, हे बघा. जुना कॅम्पर घेतला असेल तर ती बहुतेक संपलेलीच असते. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. चालत्या गाडीत सिलिंडरची चावी बंद. थंडीत ऊब येण्यासाठी शेगडी पेटवून झोपणं हा जिवाशी खेळ आहे. हीटर वेगळा असतो, त्याचा धूर बाहेर जातो, तोच वापरा.

आता स्वयंपाक. कॅम्पर बनवणाऱ्याने डोळ्यांपुढे ठेवलेला माणूस सकाळी अंडं उकडतो आणि रात्री सूप गरम करतो. त्याला फोडणी माहीत नाही. मोहरी तडतडून हिंग-मिरची पडली की दोन मिनिटांत धुराचा अलार्म बोंबलायला लागतो आणि शेजारच्या साइटवरचा माणूस डोकावून जातो. छपराचा पंखा बाहेर हवा फेकणाऱ्या बाजूला लावा, समोरची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि मगच तेल तापवा. त्याहून चांगलं म्हणजे बाहेरच्या टेबलावर एक छोटी शेगडी ठेवा आणि फोडणी, तळण तिथेच करा. नाहीतर गादीला आठवडाभर लसणाचा वास येतो. प्रेशर कुकर न्यायचाच, तीन लिटरचा पुरतो. कोलोरॅडोत लेडव्हिल १०,००० फुटांवर आहे. तिथे पाणी साधारण ९० अंशांना उकळतं, आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी कडकच राहते. कुकरच्या वाफेने मात्र आतल्या भिंतींना घाम सुटतो, म्हणून शिट्ट्याही पंखा लावूनच. डब्यांत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, भाजलेला रवा, पोहे आणि साजूक तूप असलं की फ्रिज लहान आहे याची खंत राहत नाही. काचेच्या बरण्या नकोत.

कढीपत्त्याचं मात्र बघून. कॅलिफोर्नियात शिरताना शेतीखात्याच्या नाक्यावर फळं-रोपं आहेत का विचारतात. संत्र्या-लिंबांच्या बागा मारणारा रोग पसरवणारा एक बारीक किडा कढीपत्त्याच्या झाडावरही पोसला जातो, म्हणून त्याच्या रोपावर आणि ताज्या पानांवर तिथे निर्बंध आहेत. मावशीने प्रेमाने दिलेलं कुंडीतलं रोप गाडीत घालू नका. चटणी करून न्या. जळणाचं लाकूडही मुक्कामाच्या जवळच विकत घ्यावं, त्यातूनही किडे प्रवास करतात.

पाण्याचा हिशेब आपल्या सवयींनी करायचा. पुस्तकात चार दिवस पुरणारी टाकी आपल्याला दोन दिवस पुरते, कारण भांडी आपण वाहत्या पाण्याखाली घासतो आणि संडासात टमरेल लागतं. पाणी जितकं जास्त वापराल तितकी मैल्याची टाकीही लवकर भरते. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, पांढरा ठेवा. धुण्याच्या पाइपला तो कधी लागता कामा नये. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी मैल्याची टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे भरपूर न्या. मोसमाच्या सुरुवातीला ताज्या पाण्याच्या टाकीत १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच टाकून काही तास ठेवा, नळांतून फिरवा आणि वास जाईपर्यंत धुऊन काढा.

भारतातून आई-बाबा येणार असतील तर जागेचा विचार आधी करा. मोठा पलंग ट्रकच्या टपावर असतो आणि तिथे रांगत चढावं लागतं. दाराशीही तीन-चार उंच, हलत्या पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे रात्रीतून दोनदा करायला लावू नये. त्यांना खालच्या टेबलाचा पलंग करून द्या किंवा जवळ खोली घ्या. आणि गाडी चालू असताना मागे कॅम्परमध्ये कुणीही बसायचं नाही, मुलं कितीही हट्ट करोत. काही राज्यांत चालतं, काहींत नाही. चालत असलं तरी तिथे धड पट्टे नसतात. सगळ्यांनी पुढे केबिनमध्ये बसायचं.

कागदपत्रांत ट्रकच्या विम्यात कॅम्पर धरला आहे का ते लेखी विचारा. बऱ्याच ठिकाणी त्याला स्वतंत्र नंबरप्लेट नसते, तो नुसता माल समजला जातो, आणि माल म्हटला की विमेवाला हात वर करू शकतो. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सासच्या दक्षिण भागात सीमेपासून बरंच आतही बॉर्डर पेट्रोलचे नाके लागतात. व्हिसावर असणाऱ्यांनी पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या नोंदीचा कागद, घरी ठेवून जाऊ नये, आई-बाबांचेही बरोबर घ्यावेत.

मुक्कामासाठी बीएलएमच्या, म्हणजे सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, जमिनीवर बहुतेक ठिकाणी फुकट राहता येतं, साधारण २८ दिवसांत १४ दिवस. तिथे नळ नाही, कचरापेटी नाही, हे धरून चाला. पॉप-अपवाल्यांनी अस्वलांच्या मुलखात नियम वाचावेत. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या आरव्ही (राहत्या गाड्यांच्या) पार्कमध्ये कापडी भिंतीच्या गाड्यांना मुक्कामाची परवानगी नाही. आणि वायोमिंगमध्ये आय-८० वर वाऱ्याचा इशारा असेल तर एक दिवस उशिरा पोचा. उंच पेटीला आडवा वारा लागला की रस्त्याची पूर्ण रुंदी वापरावी लागते.

निघायच्या सकाळी गाडीभोवती एक फेरी मारायची, दरवेळी त्याच दिशेने. जॅक पूर्ण वर, पायरी आत, छपराची झाकणं बंद, फ्रिजच्या दाराची खिट्टी लागलेली, सिलिंडर बंद, पाण्याचा पंप बंद, विजेची केबल खांबावरून काढलेली. फेरी चालू असताना कुणी बोलवलं तर परत पहिल्यापासून. वर्षातून दोनदा शिडी लावून छपराच्या सांध्यांवरचं सीलंट तपासा, भेगा पडल्या असतील तर नवं भरा. कॅम्पर अपघाताने कमी आणि छपरातून झिरपलेल्या पाण्याने जास्त मरतात. लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून भिंत फुगेपर्यंत कळत नाही. बर्फ पडायच्या आधी टाक्या रिकाम्या करून नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ फिरवा, तेही आरव्हीसाठीचं, इंजिनाचं नव्हे. गीझर त्यातून वगळायला बायपासची चावी असते, ती आधी फिरवा, नाहीतर सहा-सात गॅलन अँटिफ्रीझ त्या गीझरच्याच पोटात जाईल.