एक वाव अंतर: खिशातल्या २८ मिमी कॅमेऱ्यावर हात कसा बसवायचा

माउलींची पालखी दिवे घाट चढायला लागते, तेव्हा घाटाच्या वळणावळणावर कॅमेरेवाल्यांची गर्दी असते. बहुतेकांच्या हातात लांब लेन्स. खालून वर येणारी दिंड्यांची नागमोडी रांग दाट, एकावर एक रचल्यासारखी दाखवायची, तर तीच लेन्स लागते. पहिल्या वर्षी मीही तिथेच उभी राहिले आणि खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याने शंभरेक फोटो काढले. घरी येऊन पाहते, तर प्रत्येकात अर्धं आभाळ, अर्धा डोंगर आणि मधे मुंग्यांची एक रेघ.

पुढच्या वर्षी रस्त्यावर उतरून दिंडीबरोबर चालले. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींना विचारलं, "माउली, फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "काढ की पोरी, पण थांबायची न्हाई मी." हातभर पुढे जाऊन, उलटी चालत फोटो काढला. त्यात तुळशीची ओली पानं आहेत, वृंदावन सावरणाऱ्या हाताच्या शिरा आहेत आणि त्यांच्या मागे आख्खा घाट माणसांनी भरलेला आहे. रुंद कोनाची लेन्स काय करते, ते मला त्या एका फोटोने शिकवलं: जवळचा माणूस आणि त्याचा सगळा परिसर ती एका चौकटीत बसवते. पण त्यासाठी जवळ जावं लागतं, आणि किती जवळ हे अंगात भिनलेलं असावं लागतं.

हा लेख त्या अंतराबद्दलच आहे. उदाहरण म्हणून रिको जीआर थ्री हा कॅमेरा घेते, कारण या जातीचा तो सगळ्यात नेमका नमुना आहे. फिल्मवरचा पहिला जीआर १९९६ साली आला, डिजिटल २००५ मध्ये, मोठ्या एपीएस-सी सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारी पट्टी) २०१३ मध्ये आणि जीआर थ्री २०१९ मध्ये. बॅटरी-कार्डासकट वजन सुमारे २५७ ग्रॅम. लेन्स न बदलता येणारी, न झूम होणारी, २८ मिमीच्या तोडीची (मिमीचा आकडा जितका लहान, तितका कोन रुंद), एफ २.८ ची (एफचा आकडा जितका लहान, तितकं उजेड आत घेणारं भोक मोठं). जपानचे छायाचित्रकार दाईदो मोरियामा हे याच मालिकेतले कॅमेरे घेऊन वर्षानुवर्षं टोकियोच्या रस्त्यांवर फिरले. तुमच्याकडे हा कॅमेरा नसला तरी अडत नाही. बहुतेक फोनांची मुख्य लेन्स २४ ते २८ मिमीच्या आसपासचीच असते, तेव्हा पहिली पायरी फोनवरही गिरवता येईल.

आधी घरात, भिंतीसमोर

भिंतीपासून २ मीटर मोजून जमिनीवर खडूची रेघ मारा. त्या रेघेवरून २८ मिमीच्या आडव्या चौकटीत भिंतीचा सुमारे २.६ मीटर रुंद आणि १.७ मीटर उंच तुकडा मावतो. भिंतीवर तेवढ्यावर चिकटपट्टीच्या खुणा करा. आता कॅमेरा न उचलता, नुसत्या डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न करा, की डावी कड कुठे येईल, उजवी कुठे. मग कॅमेरा उचलून ताडून पाहा. घरातलं कुणी तिथे उभं केलंत तर दिसेल, की दोन मीटरवर आडव्या चौकटीत उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम बसतो.

हे आठ-दहा दिवस रोज पाच मिनिटं करा. या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी नाही. मागच्या पडद्यावरच पाहायचं, आणि भर उन्हात तो पडदा नीट दिसत नाही. चौकटीच्या कडा डोळ्यांत बसलेल्या असतील, तर पडद्याकडे नुसती नजर टाकली तरी पुरते. वर बसवायची काचेची खिडकी वेगळी विकत मिळते, पण मी ती घेऊ नका म्हणेन. ती लावली की कॅमेरा खिशात जात नाही, आणि खिशात जाणं हाच तर याचा मोठा गुण.

मग अंतर पाठ करा

दोन्ही हात ताठ पसरले, की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत होते ती एक वाव. विहिरीचा दोर आपल्याकडे वावेनेच मोजत. माझी वाव दीड मीटरहून किंचित जास्त भरते. तुमची मोजून ठेवा, कारण आता ती रोज लागणार आहे.

जीआरमध्ये 'स्नॅप फोकस' नावाची सोय आहे. यात कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. १ मीटर, १.५, २, २.५, ५ मीटर किंवा अनंत, असं एखादं अंतर तुम्ही आधीच ठरवून देता, आणि बटण एका दमात पूर्ण दाबलं की त्याच अंतरावर फोटो निघतो. बटण अर्धं दाबून थांबलात, तर नेहमीचा ऑटोफोकस चालतो. दोन्ही एकाच बटणावर असल्यामुळे सवय होईपर्यंत गोंधळ उडतो. पण बोटाला फरक कळला, की डोळ्यासमोर क्षण आला आणि फोटो निघाला, यात वेळच जात नाही.

अंतर ठरलं, तरी नेमकं किती ठळक येईल, हे अपर्चरवर, म्हणजे लेन्सच्या त्या भोकाच्या आकारावर ठरतं. या लेन्सचं गणित साधारण असं आहे. एफ ८ ठेवून अंतर २.५ मीटर दिलंत, तर सुमारे १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं ठळक. एफ ८ आणि १.५ मीटर असेल, तर ९० सेंटिमीटरपासून साडेचार मीटरपर्यंत. तोच १.५ मीटर एफ २.८ वर ठेवलात, तर ठळक पट्टी उरते १.२ ते जेमतेम २ मीटर. म्हणजे उजेडात चूक झाली तरी खपून जाते, संध्याकाळी उजेडासाठी एफ २.८ लागतो, तेव्हा मात्र एक पाऊल मागेपुढे झालं की चेहरा हातचा गेला. म्हणून दिवसा सराव करताना सवय रात्रीचीच लावा: माणूस एक वाव अंतरावर आला, की मगच बटण.

चाकावर दोन घरं भरून ठेवा

कॅमेऱ्याच्या वरच्या चाकावर यू१, यू२, यू३ अशी तीन घरं असतात. तुमच्या सेटिंग त्यांत साठवता येतात. यू१ दिवसासाठी: एफ ८, स्नॅप २.५ मीटर, आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील, तो आकडा) ऑटो, शटरचा किमान वेग १/५०० सेकंद. पावसाळी आभाळाखाली एवढं मागितलं, तर आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत चढतो, आणि एवढ्या मोठ्या सेन्सरवर त्याने येणाऱ्या दाण्यांची चिंता करायचं कारण नाही. यू२ संध्याकाळसाठी: एफ २.८, स्नॅप १.५ मीटर, शटर १/१२५, आयएसओची मर्यादा ६४००. तिसरं घर महिनाभर रिकामंच राहू द्या. काय कमी पडतंय, ते वापरातून कळलं की मग भरा.

कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरणारी यंत्रणा आहे. देवळातली समई, रिकामी गल्ली अशा गोष्टी तिच्यामुळे १/१५ वरही निघतात. पण चालणाऱ्या पायांना ती थांबवू शकत नाही. तिथे शटरच वेगवान हवं.

चौकट भरताना

रुंद चौकटीत नको ते फार येतं: विजेचे खांब, बॅनर, दुसऱ्याचा कोपर. त्यावर माझा उपाय एकच, जवळच्या एका गोष्टीला चौकटीचा तिसरा हिस्सा तरी द्यायचा. झांजांचा जोड असेल, भाजीवालीचा तराजू असेल. ती गोष्ट मिळाली, की मागचा पसारा तिचा परिसर होऊन जातो. ती नसेल तर बटण दाबू नका.

कोपऱ्यात माणसाचं डोकं ठेवू नका. रुंद लेन्स कडेच्या गोष्टी बाहेर ताणते, आणि गोल चेहरा अंड्यासारखा लांबट होतो. घरातल्या समारंभाचा ग्रुप फोटो काढायची वेळ आली, तर कडेच्या लोकांना मधे सरकवा आणि स्वतः दोन पावलं मागे जा. तसंच कुणाचा चेहरा अर्ध्या मीटरवरून काढू नका, नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. ज्याने विश्वासाने आपल्यासमोर चेहरा धरला, त्याचा असा फोटो काढणं मला बरोबर वाटत नाही.

कॅमेरा वर कलला, की वाड्याच्या भिंती आत झुकतात, आणि खाली कलला, की बाहेर फाकतात. पडद्यावर पातळी दाखवणारी रेघ असते, ती कायम चालू ठेवा. उंच देऊळ मावत नसेल, तर मान वर करण्यापेक्षा मागे सरका किंवा नुसता दरवाजाच घ्या.

आणि आभाळ. पावसाळ्यातलं पांढरं आभाळ चौकटीत शिरलं, की कॅमेरा सगळाच फोटो काळवंडवतो आणि टोपीखालचे चेहरे हरवतात. तेव्हा कॅमेरा छातीच्या उंचीवर, किंचित खाली धरून आभाळ कमी करा. ते जमत नसेल, तर उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) अधिक ०.७ वर न्या.

याच्याकडे काय मागू नये

रंगमंचावर नाचणारी तुमची मुलगी विसाव्या रांगेतून दिसणार नाही. पक्षी, क्रिकेट, लग्नात दुरून टिपलेला वधूपित्याचा चेहरा, यांतलं काहीच नाही. चौकट कापून ३५ किंवा ५० मिमीचा कोन घ्यायची सोय आहे खरी, पण २४ मेगापिक्सेलमधले ३५ ला सुमारे १५ आणि ५० ला ७ च उरतात. पहिला आकडा मला चालतो, दुसरा फक्त अडीअडचणीला. तुम्हाला माणसांचे चेहरेच जास्त काढायचे असतील, तर याचाच ४० मिमीचा भाऊ, थ्री-एक्स, २०२१ पासून मिळतो. तो जास्त सोयीचा पडेल.

फ्लॅश नाही. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, तिथे स्नॅपवरच भिस्त. व्हिडिओसाठी हा घेऊ नका. बॅटरी एका चार्जवर २०० च्या आसपास फोटो देते, म्हणून जादा बॅटऱ्या दोन तरी हव्यात. यूएसबी-सी असल्यामुळे वाटेत पॉवर बँकवरही चार्ज होतो.

पाऊस, गुलाल, दमट हवा

हा कॅमेरा पाणी आणि धूळ रोखणारा नाही. लेन्स चालू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते, आणि त्या जा-ये मध्ये हवेबरोबर बारीक धूळ आत ओढली जाऊ शकते. सेन्सरवर ती बसली, की घरी साफ करता येत नाही, कारण लेन्स निघत नाही. सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. म्हणून खिशात सुटा टाकू नका, मऊ पिशवीत घाला, आणि ती पिशवी दर आठवड्याला उलटी करून झटका. गुलाल उधळत असेल तिथे कॅमेरा चालू-बंद करत राहू नका. एकतर चालूच ठेवा, नाहीतर पिशवीतच.

पावसाची सर आली, की मी छत्रीखाली जाते किंवा कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळते. वारीत दर शंभर पावलांवर कुणीतरी आपल्या इरल्याखाली घेतंच. घरी आल्यावर सुती फडक्याने बाहेरून पुसून, बॅटरी आणि कार्ड काढून, झाकण उघडं ठेवून रात्रभर पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. मुंबई-कोकणात राहत असाल, तर पुढे तो सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात राहू द्या, नाहीतर काचेला बुरशी धरते.

सकाळी एफ १६ लावून स्वच्छ पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून चारही कोपरे पाहा. करडे ठिपके दिसले आणि पुढच्या फोटोत ते त्याच जागी असले, तर धूळ आत गेली आहे. काहीच दिसलं नाही, तर बॅटरी चार्जिंगला लावा. पालखी पुढच्या मुक्कामाला निघालेली असते.