इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या खेड्यात नोकरी घेताय? आधी गाडीच्या लायसन्सचं बघा

परदेशी नर्सची कॉम्प्युटरवरची परीक्षा, सीबीटी, पास झालात, ऑफर लेटर आलं, आणि त्यावर बर्मिंगहॅम किंवा लंडनऐवजी लडलो, क्लन, बिशप्स कॅसल असलं कधी न ऐकलेलं नाव आहे. तुम्ही नकाशा उघडता, तर सगळीकडे हिरवं आणि मधून एखादी रेल्वेची रेघ. हे लिखाण तुमच्यासाठी आहे. मी तासगावकडची, इथे नर्सिंग होममध्ये (म्हणजे वृद्धांना ठेवून घेऊन शुश्रूषा करतात तिथे) लागले, अजून याच भागात आहे.

दक्षिण श्रॉपशर म्हणजे वेल्सला चिकटलेला डोंगराळ पट्टा. 2009 पर्यंत हा वेगळा जिल्हा होता, आता कारभार श्रूझबरीहून चालतो. 2021 च्या जनगणनेत अख्ख्या श्रॉपशरची वस्ती सुमारे 3 लाख 23 हजार, आणि त्यातला चौथा हिस्सा 65 च्या पुढचा. त्यामुळे नर्सला इथे काम कमी पडणार नाही, ती काळजी सोडा. मात्र परदेशातून केअर वर्कर, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणारा मदतनीस, म्हणून यायचा रस्ता जुलै 2025 मध्ये बंद झाला आहे. अजूनही कुणी एजंट त्या व्हिसाचे पैसे मागत असेल तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

आता मुद्द्याचं. इथे गाडी चालवता आली नाही तर तुम्ही दुसऱ्यांच्या मेहेरबानीवर जगता. आमच्या गावात संध्याकाळी सहानंतर बस नाही, रविवारी तर नाहीच. मोठं इस्पितळ एकीकडे श्रूझबरीला, दुसरीकडे हेरफर्डला. लडलोहून दोन्ही चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर.

भारतीय लायसन्सवर 12 महिने गाडी चालवता येते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते 12 महिने कुठून मोजायचे, हे कुणी सांगत नाही. गाडी घेतल्या दिवसापासून नाही, पहिल्यांदा चालवल्यापासूनही नाही. तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवसापासून. मधे महिनाभर गावी जाऊन आलात म्हणून मोजणी पहिल्यापासून सुरू होत नाही. इंटरनॅशनल परमिट काढून आणलंत तरी मुदत एका दिवसानेही वाढत नाही. आणि आपलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. माझ्याबरोबर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या नर्सने अर्ज भरला आणि तिला ब्रिटिश लायसन्स मिळालं. भारत त्या यादीत नाही. आपल्याला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावंच लागतं, गावाकडे पंधरा वर्षं गाडी चालवलेली असली तरी.

मला नेमणाऱ्या एजन्सीतून सांगितलं होतं, "वर्षभर वेळ आहे, आधी सेटल व्हा." मी ओएससीईच्या, म्हणजे नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, तयारीला लागले, रात्रपाळ्या केल्या, हिवाळा काढला. मग थिअरी दिली आणि प्रॅक्टिकल बुक करायला बसले, तर तारखा पाच-सहा महिन्यांनंतरच्या. तोवर माझे 12 महिने संपत आले होते. गाडी दारात उभी होती आणि मला ती एकटीने चालवता येत नव्हती. शेजारी 21 वर्षांवरचा, तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस बसवायचा, पुढे-मागे लाल एल लावायचा, शिकाऊचा विमा घ्यायचा. रात्री साडेनऊला ड्युटी सुटल्यावर असा माणूस कुठून आणणार? मी सहकाऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा बघून पाळ्या मागायला लागले. कम्युनिटी टीममध्ये, घरोघर जाऊन रुग्ण बघायच्या कामावर, माझी निवड व्हायची होती. ती जागा गेली, कारण जाहिरातीत पहिलीच अट गाडी आणि लायसन्सची होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अजून एक गाठ इथेच आहे, ती नीट वाचा. 185 दिवसांचा नियम. बरेच जण समजतात की 185 दिवस राहिल्याशिवाय प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्ससाठी अर्जच करता येत नाही, आणि सहा महिने हातावर हात ठेवून बसतात. प्रोव्हिजनलसाठी फक्त इतक्या दिवसांची राहण्याची परवानगी लागते, आणि ती तुमच्या व्हिसात असतेच. प्रत्यक्षात 185 दिवस राहिलेलं असणं लागतं ते प्रॅक्टिकल टेस्टच्या दिवशी. म्हणजे साधारण सातव्या महिन्यापासून बाराव्या महिन्यापर्यंतची खिडकी तुमच्या हातात आहे, आणि तारखा तर महिनोन्‌महिने आधी भरतात. म्हणून आल्याच्या पहिल्या आठवड्यात प्रोव्हिजनलचा अर्ज करा, ऑनलाइन 34 पौंड. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात थिअरी द्या, 23 पौंड. 50 पैकी 43 प्रश्न बरोबर लागतात, आणि व्हिडिओमधला धोका ओळखायच्या भागात 75 पैकी 44 गुण. थिअरी पास झाल्या रात्रीच प्रॅक्टिकलची तारीख घ्या, तुमच्या 185 दिवसांच्या पुढची. आठवड्याच्या दिवशी फी 62 पौंड. प्रोव्हिजनल हातात आलं तरी पहिल्या 12 महिन्यांत तुम्ही भारतीय लायसन्सवर एकट्याने चालवू शकता, तेव्हा लवकर अर्ज केल्याने तुमचं काही जात नाही.

मुदत संपल्यावर "पोलीस कुठे बघतोय" म्हणून चालवू नका, हात जोडून सांगते. विमा फोल ठरतो. बिनविम्याचे 300 पौंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे 6 पॉइंट, गाडी उचलून नेतात ती वेगळी. टेस्ट पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत 6 पॉइंट झाले तर लायसन्सच रद्द होतं.

तारखा पुढच्या दिसल्या की जादा पैसे घेऊन लवकरची तारीख विकणारे लोक भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. सरकारी साइटवर सकाळी लवकर बसून रद्द झालेल्या तारखा शोधता येतात, मला तशीच मिळाली. आठवड्याभरात पास करून देतो म्हणणारे क्रॅश कोर्सही मला पटत नाहीत. शिकवणारा याच भागातला घ्या, ज्याला इथल्या गल्ल्या माहीत आहेत. आणि लंडनला राहून यूट्यूबवर "यूकेमध्ये गाडीची गरजच नाही" सांगणाऱ्यांचं ऐकू नका, त्यांच्या दाराशी भुयारी रेल्वे आहे. ऑटोमॅटिकवर टेस्ट द्यायला कमीपणा मानू नका. मॅन्युअल मग चालवता येत नाही, एवढंच. पण वेळ हातातून चालला असेल तर मी ऑटोमॅटिकच सांगेन.

इथल्या रस्त्यांची भीती वाटेल, ती रास्त आहे. गाडीएवढाच रस्ता, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर कुंपणाची झाडी, वळणापलीकडचं काही दिसत नाही. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ असलेली पाटी म्हणजे ताशी 60 मैलांपर्यंत परवानगी, 60 ने जायची सक्ती नाही. वळणावर समोर ट्रॅक्टर उभा ठाकला की ज्याच्या मागे पासिंग प्लेस (वाट द्यायला ठेवलेली रुंद जागा) जवळ, त्याने मागे घ्यायचं. म्हणून रिव्हर्सची सवय भरपूर करा. मी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये संध्याकाळच्या संध्याकाळ रिव्हर्स केला आहे. समोरच्याने वाट दिली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलून आभार मानतात. आठवड्याभरात तुमचंही बोट आपोआप उचललं जाईल. हिवाळ्यात मीठ फक्त मुख्य रस्त्यांवर टाकतात, गावातल्या गल्लीत डोळ्यांना न दिसणारा पातळ बर्फ राहतो, तेव्हा पहाटेच्या पाळीला वीस मिनिटं आधी निघा.

घर भाड्याने घेताना विचारा, गरम कशावर होतं? खूप गावांत गॅसची लाइन नाही, अंगणात रॉकेलची टाकी असते. टँकरवाले बहुधा 500 लिटरच्या खाली देत नाहीत, म्हणजे एकरकमी पैसे मोजावे लागतात. गॅस-विजेला असते तशी सरकारी दराची मर्यादा या तेलाला नाही. पण गावागावांत लोक मिळून ऑर्डर देतात आणि दर कमी पाडून घेतात. आमच्या गटात मला शेजारच्या आजींनी घातलं, मी न मागता. नवीन माणसाशी हे लोक लगेच सलगी करत नाहीत. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा वाटतं आपण इथे कुणालाच नको आहोत. तसं नाही. हाक मारली की येतात. फार्मसी एका मैलाच्या पलीकडे असेल तर पुष्कळदा डॉक्टरांच्या दवाखान्यातूनच औषधं मिळतात, आणि तिथली रिसेप्शनिस्ट तिसऱ्या भेटीत नावाने बोलवायला लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये लाँग मिंडच्या डोंगरावर व्हिनबेरी पिकतात. आपल्याकडच्या करवंदांसारखं, काढता काढता बोटं आणि ओठ जांभळे होतात. एकट्याने जाऊ नका, गावातल्या कुणाला तरी विचारा, खूश होऊन नेतात. मेथी-कोथिंबिरीची सोय खिडकीतल्या कुंडीत करा. भाकरीचं पीठ, कडधान्य बर्मिंगहॅमहून महिन्याचं एकदम आणा. लडलोहून तिथे थेट रेल्वे नाही, श्रूझबरीला किंवा हेरफर्डला बदलावी लागते.

मुलं घेऊन येणार असाल तर जवळची शाळा 8 वर्षांखालच्या मुलाला दोन मैलांपेक्षा आणि मोठ्याला तीन मैलांपेक्षा लांब असेल तर कौन्सिल फुकट वाहन देतं. अर्ज मात्र आपण करायचा.

आणि सही करण्याआधी नोकरी देणाऱ्याला एक गोष्ट लेखी विचारा: लायसन्स मिळेपर्यंत रात्रपाळीला मला आणायची-सोडायची सोय कोण करणार? फोनवर "होईल काहीतरी" असं उत्तर आलं तर तेच वाक्य ईमेलमध्ये मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर राहायची खोली होमच्या आवारातच मिळेल का ते बघा, नाहीतर रेल्वे स्टेशन असलेल्या गावातली जागा मागा. लडलो, क्रेव्हन आर्म्स, चर्च स्ट्रेटन या तिन्ही गावांना स्टेशन आहे. क्लनला आणि बिशप्स कॅसलला नाही.