ड्रायरला गॅस जास्त लागत होता, दोष निघाला पिळण्यात

आमच्या लाँड्रीत हॉटेलांचे टॉवेल येतात. ड्रायरला वेळ आणि गॅस दोन्ही जास्त लागू लागले. मेकॅनिक म्हणाला, बर्नर बदला. मला पटेना, ज्योत निळी होती, लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची) जाळीही रोज साफ होते. १० किलो कोरडे टॉवेल धुऊन-पिळून वजन केलं, तर १८ किलो! म्हणजे ८ लिटर पाणी ड्रायरच्या माथी. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. वॉशरचा ड्रम जोरात फिरवून तेच पाणी काढणं कितीतरी स्वस्त. वॉशरचे व्ही-बेल्ट (मोटरवरून ड्रम फिरवणारे पट्टे) घसरत होते, ड्रम पूर्ण वेग घेतच नव्हता. सगळा संच बदलला (एकच बदलला तर ताण सारखा राहत नाही). आता तेच टॉवेल साडेपंधरा किलो भरतात. नवे बेल्ट सुरुवातीला सैलावतात, म्हणून काही दिवसांनी ताण पुन्हा तपासाच.