मृग लागायच्या आधी छतावरचं सोलर कसं तयार करावं

पावसाळ्याची तयारी म्हटली की बरेच जण बादली-फडकं घेऊन प्लेटा धुवायला स्लॅबवर चढतात. धुणं चांगलंच, पण ते काम पाऊसही बऱ्यापैकी करून देतो. ढिला झालेला नट आवळणं, उन्हानं तडकलेला पाइप बदलणं, सुकलेली अर्थिंग तपासणं ही कामं मात्र आपल्यालाच करावी लागतात. आपल्याकडे पावसाच्या आधी वावधान येतं, विजा कडाडतात. म्हणून काचेआधी जोड आणि तारा बघा.

साधारण २५ मेला नवतपा लागतो आणि ७-८ जूनला मृग निघतो. मोसमी पाऊस विदर्भात जूनच्या मध्यापर्यंत पोचतो, पण वादळ त्याची वाट बघत नाही. मे संपायच्या आत काम उरका. दिवस उजाडल्यापासून आठपर्यंतच छतावर राहा. त्यानंतर लोखंडी सांगाडा हात लावू देत नाही, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते.

आधी बंद करा

पहिल्यांदा एसीचा, म्हणजे घराच्या लाइनकडचा एमसीबी (बटण) पाडा, मग डीसीचं, म्हणजे प्लेटांकडून येणाऱ्या तारेचं आयसोलेटर (तार तोडणारं बटण) बंद करा. उलट क्रमानं नको. नंतर दहा मिनिटं थांबा, कारण इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे प्लेटांची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या पेटीत, काही वेळ वीज साठून असते. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: खाली बटण बंद केलं तरी ऊन आहे तोवर प्लेटांपासून येणाऱ्या तारेत वीज असतेच. ५४० वॉटच्या सहा प्लेटा एका ओळीत जोडलेल्या असतील तर हा दाब ३०० व्होल्टच्या घरात जातो. डीसीची ठिणगी सहज विझत नाही. प्लेटांमागचे काळे कनेक्टर स्वतः कधीही उघडू नका, ते काम बसवणाऱ्याचं.

सांगाडा आणि स्लॅब

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक प्लेट कडेला धरून हलकेच हलवा. खडखडली तर तिला धरून ठेवणारा क्लॅम्प ढिला आहे. पान्यानं आवळा, पण जोर करून नाही, जास्त आवळल्यानं काच फुटते. आवळून झालं की नट आणि बोल्ट दोन्हींवरून जाईल अशी रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या वर्षी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला हे बघताक्षणी कळेल. गंज चढलेला नट बदलूनच टाका. वेल्डिंगच्या जागी गंज दिसत असेल तर घासून झिंकचा रंग द्या.

पायांच्या बुडाशी सिमेंटला भेग असेल तर वॉटरप्रूफिंग करून घ्या, नाहीतर श्रावणातली झड थेट घरात उतरते. टिनाचं छत असेल तर स्क्रूखालचे रबरी वायसर बघा. उन्हानं ते चिरतात.

प्लेटांखाली पऱ्हाट्या, तुराट्या, कुटाराची पोती, जुने पाइप ठेवायची आपली सवय. हे सगळं खाली उतरवा. एक ठिणगी पडली तर पेट घेतं, आणि वाऱ्यानं उडालेलं टिन काचेवर आदळतं. वाळवणासाठी सांगाड्याला बांधलेली दोरीही सोडा. स्लॅबची पन्हाळी मोकळी आहे ना, हे बादलीभर पाणी ओतून बघा.

तारा आणि पेट्या

तारा ज्या पाइपातून खाली येतात तो दाबून पाहा. कडक होऊन तडकत असेल तर बदला. उघडी तार उंदीर कुरतडतात, वानर ओढतात. लोंबणाऱ्या तारा उन्हात टिकणाऱ्या पट्ट्यांनी बांधा, म्हणजे कनेक्टर स्लॅबवरच्या पाण्यात बुडणार नाहीत. भिंतीवरच्या पेटीत तार खालूनच शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला खाली झुकता वळसा हवा, म्हणजे पाणी वळशावरूनच गळून जातं. पेटीची भोकं सिलिकॉननं बुजवा. पाली आणि मुंग्या तिथूनच आत जातात. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीला असेल तर वरून पत्र्याचा आडोसा करा, पण हवा खेळायला जागा सोडा.

पेटीतल्या सर्ज प्रोटेक्टरची (विजेचा अचानक आलेला जास्तीचा दाब स्वतःवर घेणाऱ्या भागाची) छोटी खिडकी बहुतेक हिरवी असते. ती लाल झाली असेल तर त्यानं आपलं काम केलं आहे. पुढच्या विजेच्या आधी नवीन बसवून घ्या.

अर्थिंग

काळ्या मातीत राहणाऱ्यांनी हा भाग सोडू नये. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत अर्थिंगची पट्टी जोडातून सुटते, आणि वरून पाहिलं तर सगळं जागेवरच दिसतं. प्लेटा, इन्व्हर्टर आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा दांडा) यांचे अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे असावेत. तिन्ही उघडून जोड आवळा, पाणी घाला, आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरनं अर्थिंगचा रोध मोजून घ्या. आकडा ५ ओहमच्या आत हवा. या मोजणीचे पैसे वाचवू नका.

आता धुणं

मऊ पोचारा आणि साधं पाणी पुरतं. साबणाची पावडर आणि घासणी नको. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरलं तर काचेवर क्षाराचा पांढरा थर बसतो. तिथे पिण्याचं गोडं पाणीच घ्या, किंवा पहिल्या पावसाची वाट बघा. चंद्रपूर, वणीकडे कोळशाची धूळ चिकटून बसते, ती मात्र आधीच काढा. खालच्या चौकटीशी साचलेला मातीचा पट्टा सगळीकडेच नीट काढा, कारण त्याच्या सावलीत प्लेट एका जागी तापते.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून प्लेटा बसवल्या असतील तर पाच वर्षं देखभाल करणं बसवणाऱ्यावर बंधनकारक आहे. वरच्या गोष्टी त्याला मे महिन्यातच दाखवा, जूनमध्ये तो सापडत नाही.

पावसात

वादळाची चाहूल लागली, विजेची सूचना देणाऱ्या ‘दामिनी’ ॲपवर इशारा आला, तर घरातूनच दोन्ही बटणं त्याच क्रमानं बंद करा. विजा चमकत असताना छतावर जाऊ नका. लाइन गेली की बिनबॅटरीचं सोलरही थांबतं. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवासाठी ते तसं बनवलेलं आहे.

झडीच्या दिवसांत युनिट अर्ध्यावर किंवा त्याच्याही खाली येतात, त्याची काळजी नको. नेट मीटरवर (लाइनला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरवर) शिल्लक पडलेले युनिट ३१ मार्चपर्यंत पुढच्या बिलांत वळते होतात. पण ओल्या सकाळी इन्व्हर्टरवर अर्थ फॉल्ट (वीज जमिनीकडे गळत असल्याचा इशारा) येऊन दुपारी आपोआप जात असेल, तर कुठल्यातरी जोडात पाणी शिरलं आहे. कोरड्या दिवसाची वाट न बघता बसवणाऱ्याला बोलवा, आणि तो येईपर्यंत सांगाड्याला कुणी हात लावणार नाही एवढं बघा.